हार्ड डिस्कची क्षमता : तक्रार कुठे करावी, कुठे करू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेली १ टीबीची हार्ड डिस्क संगणकावर ९३१ जीबीच दाखवते, म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालणारे ग्राहक आम्हा दुरुस्तीच्या धंद्यातील लोकांना नित्य भेटतात. वस्तुतः त्यात कोणी काही खाल्लेले नसते. उत्पादक १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट मोजतो. विंडोज त्याच आकड्याला १,०२४ ने तीनदा भागून उत्तराला ‘जीबी’च म्हणते. वेष्टनावर ‘विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसेल’ एवढे ठळक छापले, तरी बरीच भांडणे टळतील. पण उत्पादकांना ते सुचत नाही.

३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दाखवू लागली, तर मात्र दोष बहुधा जुन्या यूएसबी केसिंगचा (डिस्क बसवायच्या बाहेरच्या डबीचा) किंवा ड्रायव्हरचा (संगणकाकडून डिस्क चालवून घेणाऱ्या प्रोग्रामचा) असतो. त्याची मोजणी ३२ बिटांची, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतचीच, असल्याने सुमारे २.२ टीबीला संपून पुन्हा शून्यापासून सुरू होते. डिस्क दुसऱ्या, नव्या संगणकाला थेट जोडून पाहावी आणि तोवर तिच्यावर काहीही लिहू नये.

खरी लबाडी आकडा पुरेपूर दाखवणाऱ्या मालात सापडते. अविश्वसनीय स्वस्तात मिळालेली अशी एक ‘२ टीबी’ डिस्क नुकतीच उघडली, तेव्हा आत मोबाईलचे मेमरी कार्ड आणि हाताला वजन लागावे म्हणून चिकटवलेला लोखंडी तुकडा निघाला. अशा मालाचे फर्मवेअरच, म्हणजे आत भरून दिलेला प्रोग्रामच, खोटे बोलते. फायली विनातक्रार कॉपी होतात, त्यांची नावेही दिसतात, परंतु खरी जागा भरल्यानंतरचे फोटो उघडत नाहीत, कारण ते कुठेच साठलेले नसतात किंवा आधीच्यांवर लिहिले गेलेले असतात. क्विक फॉरमॅटने, म्हणजे डिस्क न तपासता झटपट कोरी करण्याने, हे उघडकीस येत नाही. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा लिनक्सवर ‘एफ३’ हे मोफत प्रोग्राम डिस्क काठोकाठ भरून पुन्हा वाचतात. त्याला कित्येक तास लागतात, पण दुसरा भरवशाचा उपाय नाही.

ग्राहकांनी पक्के बिल घ्यावे, त्यावर क्षमता आणि सिरियल नंबर लिहून घ्यावा, परतीची मुदत संपण्यापूर्वी ही चाचणी करावी आणि विक्रेता दाद देत नसल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. लग्नाचे फोटो त्या डिस्कवर टाकायचे ते चाचणीनंतरच, आणि मूळ प्रत न पुसता.

– एक संगणक दुरुस्तीकार, गिरगाव, मुंबई