त्या चौथ्या सेशनबद्दल

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

शेवटच्या सेशनहून निघताना मी नुसतं "थँक्यू" म्हणालो आणि जिना उतरलो. बोलायचं होतं ते घशातच राहिलं. आज लिहितोय, आणि मुद्दाम उघडपणे लिहितोय. "सीबीटी करून पाहिली, मला नाही लागू पडली," असं म्हणणारी माणसं मला अधूनमधून भेटतात. सीबीटी म्हणजे आपले विचार आणि वागणं यांवर काम करणारी, बोलून करायची उपचारपद्धती. नैराश्यावर उपचार घ्यायला तुमच्याकडे येण्याआधी मीही तेच म्हणत होतो.

तुम्हाला ठाऊकच आहे, त्याआधी दुसरीकडे माझी दहा सेशन झाली होती. तिथे पहिल्याच दिवशी विचारदोषांची यादी हातात पडली. टोकाचा विचार, सरसकटीकरण, मनकवडेपणा, राईचा पर्वत. मी पंचवीस वर्षं प्रुफं वाचतोय, चुका हुडकणं हेच माझं पोटापाण्याचं काम. घरी बसून मी माझ्याच डोक्यातल्या वाक्यांवर लाल खुणा करत सुटलो. महिनाभरात त्यातून एकच गोष्ट पक्की झाली: मला धड विचारसुद्धा करता येत नाही. गृहपाठाची वही तिथे कुणी उघडून पाहिली नाही, मग मीही लिहायचं सोडलं. पुढे जाणंच थांबवलं, तेव्हा विचारपूस करणारा फोनही आला नाही.

तुमच्याकडे सुरुवात झाली ती एका कागदाने. दर वेळी आत येण्याआधी पीएचक्यू-9, म्हणजे नैराश्य मोजण्याचा कागद, भरायचा. गेल्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, थकवा, मन रमणं, नऊ प्रश्न, एकूण गुण 0 ते 27, जितके जास्त तितका त्रास जास्त. माझे पहिल्या दिवशी 19 होते. मला तो कागद सरकारी अर्जासारखा वाटायचा. पण तुम्ही तो समोर धरून वाचायचात आणि आकडा आलेखावर मांडायचात. नवव्या प्रश्नावर कधी घाईने पुढे गेला नाहीत. मरणाचे, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, हे तुम्ही तोंडाने, स्पष्ट शब्दांत विचारायचात. असं विचारल्याने माणसाच्या मनात नसलेलं भरवलं जातं अशी भीती पुष्कळांना वाटते. तसं होत नाही. मला तर कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटलं होतं.

मग चौथं सेशन. 19, 18, 19, 19. आलेखावरची रेघ आडवीच. मी मान खाली घालून बसलो होतो, आता माझ्या प्रयत्नांवर बोलणं येणार असं धरून. तुम्ही कागद माझ्याकडे वळवलात आणि म्हणालात, "आकडा हलत नाहीये. म्हणजे मला आखणी बदलायला हवी. तुम्ही सांगा, यात तुमच्या उपयोगाचं काय वाटलं नाही?"

मॅडम, त्या वाक्यासाठी हे पत्र आहे.

नंतर, वाचण्याइतकं डोकं ताळ्यावर आल्यावर, मी या विषयावरचं बरंच वाचून काढलं. दर सेशनला मोजमाप करून ते उपचार करणाऱ्याला दाखवलं, तर ज्यांची गाडी रुळावर नाही अशा रुग्णांना त्याचा सर्वांत जास्त फायदा होतो, हे मानसशास्त्रज्ञ मायकेल लँबर्ट यांच्या संशोधनातून पुढे आलंय. एरवी रुग्ण खालावतोय हे अनुभवी माणसाच्याही पुष्कळदा लक्षात येत नाही. मनोविकारतज्ज्ञ अॅरन बेक यांनी फिलाडेल्फियात 1960 च्या दशकात सीबीटी उभी केली तीच मुळी स्वतःचं गृहीतक तपासून. ते मनोविश्लेषणात तयार झालेले. नैराश्याच्या मुळाशी आत वळलेला राग सापडेल अशी त्यांची अपेक्षा होती. रुग्णांच्या स्वप्नांत आणि बोलण्यात सापडलं ते अपयश आणि गमावलेपण. त्यांनी पुराव्याचं ऐकलं. तुम्हीही त्या दिवशी तेच केलंत.

आखणी बदलली म्हणजे काय, तर मनात येणारे विचार लिहून तपासण्याचा तक्ता बाजूला ठेवला आणि आठवड्यातून एकदाऐवजी दोनदा बोलावलंत. (नेदरलँड्समध्ये दोनशे रुग्णांवरचा एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्याला दोन सेशन घेणाऱ्यांची सुधारणा एक घेणाऱ्यांपेक्षा जास्त दिसली. मला स्वतःला कारण साधं वाटतं: सात दिवसांत मी सगळं विसरायचो, तीन दिवसांत थोडं उरायचं.) आणि मला दिलंत एकच काम. पहाटे पाचला जाग येऊन दहापर्यंत मी पडल्यापडल्या तेच ते उगाळत असे. त्या वेळात उठून चार कुंड्यांना पाणी घालायचं.

मी "बरं" म्हणालो. एवढ्यावर कुणीही विषय संपवला असता. तुम्ही विचारलंत, "उद्या पहाटे आडवं काय येईल?" मी म्हणालो, झारी गच्चीत आहे. "मग आज रात्रीच ती भरून पलंगाशी ठेवा." दुसऱ्या दिवशी पाय खाली टेकवले ते झारीवरच आपटले. पाणी सांडलं, म्हणून उठावं लागलं, आणि उठलोच होतो म्हणून उरलेलं पाणी कुंड्यांना घातलं. वहीत लिहिलं: आधी मन 10 पैकी 2, नंतर 3. पुढच्या सेशनला तुम्ही त्या एका गुणावर दहा मिनिटं बोललात. तो एक गुण कुठून आला, किती वेळ टिकला, आणखी कशाने येतो. ती वही कुणीतरी वाचतंय हे कळल्यावर मी एकही पान कोरं सोडलं नाही.

"मन लागेल मग करू असं नको, करू लागा, मन मागून येईल," असं तुम्ही म्हणायचात. त्यालाही आधार आहे. मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये सीबीटीचे भाग सुटे करून पाहिले, तर नुसत्या कृतींवर भर देणारा भाग पूर्ण उपचाराच्या तोडीस तोड निघाला होता.

विचारांकडे आपण परतलो ते आठव्या सेशनला, आकडा 13 वर आल्यावर. आणि तेव्हाही तुम्ही माझा विचार चूक आहे असं म्हणाला नाहीत. मी म्हणत होतो, मुदत वाढवून मागितली तर काम काढून घेतील. "किती खात्री?" नव्वद टक्के. "मग पाहू या." तुमच्यासमोर बसून मी प्रकाशकांना दोन दिवसांची मुदत मागणारा मेसेज पाठवला. बोटं थरथरत होती. वीस मिनिटांनी उत्तर आलं: "बुधवारी चालेल." ते दोन शब्द मी वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले. यादीतल्या सगळ्या विचारदोषांनी जे साधलं नव्हतं ते त्यांनी साधलं, कारण ते मला कुणी पटवलं नव्हतं, मी स्वतः पाहिलं होतं.

शेवटची पाच मिनिटं तुम्ही गप्प बसायचात आणि मी, आज काय हाती लागलं, ते माझ्या शब्दांत लिहायचो. नैराश्यात स्मरणशक्ती किती दगा देते हे ज्याला भोगावं लागलंय त्यालाच या पाच मिनिटांची किंमत कळेल. गोळ्यांबद्दलही तुमचा कधी हेका नव्हता. मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून तुम्ही दोन्ही बरोबरीने चालू ठेवलंत. त्याआधी मला वाटायचं, दोनपैकी एक निवडावं लागतं.

आणि शेवटच्या दोन सेशनमध्ये करवून घेतलेलं ते पान. मी बरा झालो होतो, मला ते नको होतं. नैराश्य परतणं ही नेहमीची गोष्ट आहे, औषधं थांबवल्यावर जेवढं परततं त्यापेक्षा सीबीटीनंतर कमी परततं, पण परततं, हे तुम्ही न लपवता सांगितलंत. पानावर डावीकडे माझ्या घसरणीच्या खुणा: फोन न उचलणं, पाचची जाग, दाढी न करणं. उजवीकडे त्या त्या वेळी काय करायचं.

गेल्या महिन्यात पाचची जाग परत आली. सलग चार दिवस. पाचव्या रात्री मी ते पान काढलं, झारी भरली आणि पलंगाशी ठेवली. दोन आठवडे रोज वही लिहिली, घरात सांगितलं, तुमचा नंबर समोर लिहून ठेवला. लावावा लागला नाही.

आज सकाळी कागद भरला. 4 आले. तुमच्या आलेखावर तेवढा एक ठिपका मांडून घ्या.

आपला कृतज्ञ,
प्रुफं वाचणारा