एका सेकंदाची घरघर

दांडिया बाजार, बडोदे
श्रावण वद्य पंचमी

प्रिय सुधीर,
स. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. काकांचं कपाट आवरताना पेन्टॅक्स के-१००० कॅमेरा निघाला, तो शोभेला ठेवू की कुणाला देऊन टाकू, असं विचारलंयस. उत्तराला उशीर झाला, कारण त्याच दिवसांत मी अण्णांचा जुना इकोन्टा कॅमेरा माळ्यावरून खाली काढला होता आणि त्याचं काय होतंय ते कळल्याशिवाय तुला काही लिहावंसं वाटेना. आता लिहितो. इतक्यात काहीच ठरवू नकोस. आधी तो कॅमेरा कानाला लाव.

१९८६ सालचा गणपतीतला फोटो तुझ्याकडे अजून असेल. आमच्या ओटीवरचा, रात्रीच्या आरतीनंतरचा. दोन पिवळे दिवे आणि समया, एवढाच उजेड. अण्णांनी इकोन्टा तिपाईवर चढवला, भिंगाचं छिद्र ८ वर आणलं, वेग, म्हणजे भिंग किती वेळ उघडं राहणार ते, १ सेकंद ठेवला आणि सगळ्यांना बजावलं, "घरघर थांबेपर्यंत कुणी हलायचं नाही." त्यांनी केबल दाबली आणि त्या शांततेत कॅमेऱ्यातून घर्रर्र असा बारीक आवाज आला. आपण सगळे श्वास धरून त्या आवाजाचा शेवट ऐकत होतो. फोटोत सगळे चेहरे रेखीव आले, फक्त तुझा झांजेवरचा हात धुरासारखा आलाय. अण्णांना तो हात फार आवडायचा. म्हणायचे, सेकंद केवढा असतो ते या हातात दिसतं.

तुझ्याकडे तेव्हा क्लिक थ्री होता. आपल्याच बडोद्यात, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तयार झालेला. त्याला वेग एकच, टक् झालं की संपलं. म्हणून तर तू सारखा आमच्याकडे येऊन अण्णांना "घरघर ऐकवा ना" म्हणायचास.

तर, माळ्यावरून काढल्यावर मी पहिल्यांदा १/१०० सेकंद लावून पाहिलं. टिच्. ठणठणीत. १/२५ सुद्धा बरा. मग १ सेकंद लावला. पाती उघडली, घरघर सुरू झाली आणि अर्ध्यावर आवाज खाली बसत गेला, चढावर सायकल दमते तसा. कसाबसा पूर्ण झाला. दुसऱ्यांदा तर मध्येच थांबला आणि पात्यांच्या मधोमध नखाएवढी फट तशीच राहिली. आपण माणसाला घरघर लागली म्हणतो तेव्हा सगळं संपत आलेलं असतं. इथे घरघर थांबली म्हणून माझ्या पोटात गोळा आला.

मांडवीजवळ एक म्हातारे घड्याळजी बसतात, त्यांच्याकडे गेलो. कॅमेरा म्हणताच त्यांनी हात झटकले. मी म्हटलं, नुसतं ऐका. त्यांनी तो कानाशी धरला, १ सेकंद सोडला आणि म्हणाले, "आ तो घडियाळ ज छे." अगदी खरं होतं. हे शटर, म्हणजे भिंगामागची पाती उघडून मिटणारं यंत्र, कॉम्पुर-रॅपिड जातीचं. म्युनिकच्या फ्रेडरिक डेकेलने १९१२ मध्ये पहिलं कॉम्पुर काढलं. त्याच्या आधीच्या कॉम्पाउंड शटरमध्ये मंद वेगाला हवेच्या एका बारक्या नळकांड्याचा आधार असे, कॉम्पुरमध्ये ते काम घड्याळाच्या चाकांकडे आलं. नावातच ते आहे: कॉम्पाउंडमधला 'कॉम्प' आणि जर्मनमध्ये घड्याळाच्या यंत्राला जो शब्द आहे, त्याचा 'उर'.

पुढचं भिंग आणि वेगाची चकती काढल्यावर आत जे दिसलं ते तुला दाखवायला हवं होतं. करंगळीच्या पेरात मावतील अशी तीन-चार पितळी चाकं. शेवटच्याला टोकदार दाते आणि त्यावर डुलणारा, जहाजाच्या नांगराच्या आकाराचा एक इवलासा तुकडा. स्प्रिंग पाती बंद करायला धावते, पण तिला आधी ही चाकं फिरवावी लागतात आणि तो नांगर एकेका दात्याला अडवून सोडतो. प्रत्येक अडवण्याची एक टिक. त्या टिका इतक्या दाट येतात की आपल्याला सलग घर्रर्र ऐकू येतं. १ सेकंदाला चाकांत गुंतलेली दांडी खोल बसते, १/१० ला थोडीच. १/२५ पासून नांगर बाजूला होतो आणि नुसत्या चाकांच्या वजनाने वेळ जातो, म्हणून तिथे घरघर नसते. सर्वांत वरच्या वेगांना चाकंसुद्धा वाटेतून दूर. म्हणून १/१०० ठणठणीत असून १ सेकंद आजारी असू शकतो. कॅमेरा विकत घेणारे नेमका वरचा वेग वाजवून बघतात आणि खूश होतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आजार काय, तर तेल. चाळीस वर्षांत ते सुकून गोंद झालं होतं. त्यात भर म्हणजे मागे कधीतरी एका दुकानदाराने "मोकळं करून देतो" म्हणून वरून शिलाई मशिनचं तेल सोडलं होतं, ते पात्यांवर पसरून पाती एकमेकींना चिकटत होती. पाती अगदी कोरडी हवीत. घड्याळजींनी चाकांचा संच पांढऱ्या पेट्रोलमध्ये दोनदा धुतला, पाती पुसली आणि वाळल्यावर सुईच्या टोकाने चाकांच्या आसांना तेलाचा नुसता स्पर्श केला. थेंब म्हणण्याइतकंही नाही. सगळं जोडून १ सेकंद सोडला. सुधीर, तो आवाज आला आणि मला अण्णांचा दाबून धरलेला श्वास ऐकू आला.

मोजमापही केलं. फोनवर आवाज ध्वनिमुद्रित केला आणि उघडल्याचा ठोका ते बंद झाल्याचा ठोका असं अंतर पाहिलं. धुण्याआधी ते १.६ सेकंद होतं, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश स्टॉप जास्त उजेड (उजेड दुप्पट झाला की एक स्टॉप). आता १.१ येतं. एवढा फरक निगेटिव्ह सहज पोटात घालते. १/१०० च्या पुढे मात्र या युक्तीवर विसंबू नकोस, शटरचे ठोके एकमेकांत मिसळतात.

आता तुझा पेन्टॅक्स. हा १९७६ ते १९९७ असा एकवीस वर्षं निघत होता आणि त्याला बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला, शटर सगळं यांत्रिक. पाती नाहीत, कापडाचे दोन पडदे आहेत. पहिला बाजूला होतो, दुसऱ्याला चाकांचा संच अडवून धरतो, घरघर तीच. आधी आरसा वर जाण्याचा ठोका, मग घर्रर्र, मग दुसरा ठोका. तू गायनशाळेत तबला शिकलास, मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सुरू केलेल्या शाळेत. तेव्हा तुला कसलं यंत्र नको. १ सेकंद ही ठाय, म्हणजे मूळची संथ लय, धर. १/२ ही दुगुन, १/४ चौगुन, १/८ आठपट. प्रत्येक घरघर आधीच्या निम्मी वाजली पाहिजे. (इकोन्टात हे जमत नाही, १/२ नंतर एकदम १/५ येतो आणि लय मोडते. अण्णांना ते कायम खटकायचं.) आवाज मध्येच दमला, अडखळला, किंवा ठाय आणि दुगुन सारखीच वाजली, तर समज की तेल सुकलंय. मग रिकामाच दहा-वीस वेळा सोड. कधी तेवढ्यानेही मोकळा होतो. नाही झाला तर इकडे घेऊन ये, घड्याळजींना मी सांगून ठेवलंय. ते आता मला पाहिलं की "घडियाळवाळो केमेरो" म्हणतात.

आणि काकांचा कॅमेरा शोभेला ठेवायचा विचार सोड रे. त्यांनी तुमच्या घरातल्या प्रत्येक बारशाला तो हातात धरलाय.

गणपतीला ये. ओटी तीच आहे, समया त्याच आहेत, पिवळे दोन दिवे मी मुद्दाम शोधून आणलेत. १२० ची एक रीळ आणून ठेवली आहे, बारा फोटो होतात. भिंग ८ वर, वेग १ सेकंद, केबल मी दाबीन. आई म्हणते, या वेळी सुधीरला हात हलवू देऊ नकोस. मी तिला काही बोललो नाही, पण तू झांजा घेऊन ये.

काकूंना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नंदू

ता. क. आवाज ऐकून झाला की शटर चढवून कपाटात ठेवू नकोस, स्प्रिंग ताणलेली राहते. शेवटचा एकदा सोड आणि मगच केसमध्ये घाल.