निवारा कामाच्या जवळ हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी वाढली की पदपथावर झोपणाऱ्यांना 'तिथून हलवा' अशी मागणी सुरू होते. हलवून न्यायचे कुठे, हे मात्र कुणी सांगत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीत केसनंद फाट्याजवळ पदपथावर झोपलेल्यांच्या अंगावर डंपर गेला. तिघे दगावले, त्यांत दोन लेकरे. अमरावतीकडून मजुरीसाठी आलेली ही माणसे. पुण्यात काम मिळते, पाठ टेकायला जागा मिळत नाही.

स्वारगेटच्या पुलाखाली सकाळी पाहा. चादरी, तवा, पोराचे दप्तर जुन्या फ्लेक्समध्ये बांधून बोचके रेलिंगला अडकवायचे आणि कामाला जायचे. संध्याकाळी ते जागेवर असेलच असे नाही. बोचके गेले की आधार कार्डही जाते, मग बेघरांच्या निवाऱ्याच्या दारात ओळखपत्र कुठून दाखवणार?

फिनलंडने २००८ पासून आधी घर, मग बाकीचे प्रश्न असे धोरण धरले. हेलसिंकीतल्या एका मोठ्या वसतिगृहातल्या २५० खाटा काढून तिथे ८१ छोटी घरे केली. अमेरिकेत २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उघड्यावर झोपणाऱ्यांना दंड करायची मुभा शहरांना दिली, पण त्याच देशातल्या ह्यूस्टनने सरकारी यंत्रणा आणि संस्था एकत्र आणून पंचवीस हजारांहून अधिक लोकांना घरात नेले. आपल्याकडे दिल्ली हिवाळ्यात तंबू उभारते, रात्री पथके फिरवते. तिथेही सगळे आलबेल नाही, पण निदान जबाबदारी कुणाची हे ठरलेले आहे.

आपला निकष लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा कायमस्वरूपी निवारा असा आहे. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाख होती, म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने ३१ निवारे हवेत. २०१७ आणि २०२१ मध्ये हद्दीत आलेली गावे वेगळीच. शिवाय निवारा मजूर अड्ड्यापासून लांब असेल, किंवा नवरा-बायको-पोरांना वेगळे करत असेल, तर तिथे कोण जाईल?

पालखीच्या मुक्कामाला हेच शहर लाखो वारकऱ्यांना सामावून घेते, महापालिकेच्या शाळा उघडते. डिसेंबर-जानेवारीत निदान काही शाळांची सभागृहे रात्रीपुरती कुटुंबांसाठी उघडावीत, ओळखपत्राची अट काढावी आणि सर्व निवाऱ्यांचे पत्ते एसटी स्थानके, रेल्वे स्टेशन व मजूर अड्ड्यांवर ठळक लावावेत, ही महापालिकेला विनंती.

आपला,
एक वाचक, कर्वेनगर, पुणे