ताम्हिणीत सोडू नकोस

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

कासवाचे फोटो पाहिले. रूममेट जर्मनीला निघाला आणि जाताना ते तुझ्या गळ्यात मारून गेला, त्यात तुझा दोष नाही. पण शनिवारी ताम्हिणीत नेऊन सोडतो म्हणालास, ते करू नकोस. फोनवर तू ‘हो हो’ म्हणून मोकळा होतोस, म्हणून सविस्तर लिहितेय.

हे स्टार कासव आहे, पाण्यातलं नव्हे. त्याला टाकीत गळाभर पाण्यात कोंडणाऱ्याला मला एकदा भेटायचंय. वास्तूप्रमाणे उत्तरेला ठेवलं की पैसा येतो म्हणे. आला तो विकणाऱ्याकडे. जमिनीवरच्या या जिवाला धड पोहता येत नाही. छातीत कफ साठला तर आपल्यासारखं खोकून तो बाहेरही काढता येत नाही. तेव्हा आधी त्याला कोरड्या, मोठ्या खोक्यात काढ. सकाळचं कोवळं ऊन मिळू दे, पण अर्धं खोकं सावलीत ठेव.

हा प्राणी माळरानाचा, काटेरी झुडपांचा. गुजरात-राजस्थानचा कोरडा पट्टा, खाली आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू आणि पलीकडे श्रीलंका. ताम्हिणीतला जुलै त्याला सोसायचा नाही. शिवाय वायव्येकडची आणि दक्षिणेकडची कासवं जनुकांनी वेगळी आहेत, आणि तुझं कुठलं ते कवच बघून मलाही सांगता येणार नाही. म्हणजे चांगलं माळरान शोधून तिथे सोडतो म्हणालास तरी माझं उत्तर तेच.

खरी काळजी त्याच्या पोटात काय आहे याची. रानातल्या कासवाच्या आतड्यातही सुतासारखे बारीक कृमी असतात, कधी कधी हजारोंनी, आणि तरी ते ठणठणीत असतं. ते चरत पुढे जातं, विष्ठा आणि तिच्यातली कृमींची अंडी मागे राहतात. टाकीत मात्र ते स्वतःच्याच घाणीतून फिरतं, तिच्यात पडलेलं पान खातं आणि तीच अंडी पुन्हा पोटात घेतं. असं महिनोन्महिने. त्यात काकडी आणि ब्रेडवर वाढलेलं, ऊन नाही, कॅल्शियम नाही. फोटोत कवचावर टेंगळांसारखे उंचवटे दिसतात ना, ती त्याचीही खूण असू शकते.

विष्ठा तपासणं अवघड नसतं. वाटाण्याएवढा गोळा मिठाच्या संपृक्त पाण्यात कालवायचा, बाटली काठोकाठ भरायची आणि वर काचपट्टी टेकवून ठेवायची. हलकी अंडी तरंगत येऊन पट्टीला चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली लांबट, एका बाजूने किंचित चपटी दिसतात. चार-दोन दिसली तर मी लक्ष देणार नाही. सगळं क्षेत्र भरून दिसली आणि कासव खात नसेल, तर उपचार. हा फरक अनुभवी डॉक्टरलाच कळतो, म्हणून जंताचं औषध स्वतः आणू नकोस. आयव्हरमेक्टिन जनावरांच्या औषधांच्या दुकानात सहज मिळतं, नोकरीभर मी ते गाईगुरांना टोचलं. कासवाला ते विष आहे. पाय लुळे पडतात आणि जीव जातो.

गोचीड मान आणि पायांच्या घडीत लपते. गोचिडीला हसू नकोस. 2000 साली अमेरिकेने आफ्रिकेतल्या तीन जातींच्या कासवांची आयात बंद केली, ती काही कासवांच्या मायेपोटी नव्हे. झांबियातून फ्लोरिडात आलेल्या कासवांवरच्या गोचिडांत हार्टवॉटरचे जंतू सापडले होते. तो गाई, शेळ्या-मेंढ्यांचा रोग. हृदयाभोवती पाणी साठतं आणि जनावर दगावतं. कासवाकडे नुसतं बघून कुणाला शंकाही आली नसती.

अमेरिकेतल्याच मोजावे वाळवंटात कासवांना मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूमुळे नाक गळण्याचा रोग लागला. 1990 साली ती कासवं संकटात असल्याचं सरकारने जाहीर केलं, त्याच्या कारणांत हा रोगही होता. लोकांनी पाळून मग दया येऊन सोडलेल्या कासवांनी तो रानात नेला असावा, असा अभ्यासकांना संशय आहे. वरून धडधाकट दिसणारं जनावरही जंतू बाळगून असतं, हीच तर पंचाईत.

म्हणून वनविभागाला कळव. हॅलो फॉरेस्टचा 1926 हा नंबर लाव, रूममेटचं जे खरं आहे ते सांग, कासव ताब्यात देताना लेखी पोच घे. 2022 च्या दुरुस्तीनंतर हे कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. घरात जास्त दिवस ठेवणं तुलाच महागात पडेल. पुढे त्याला वेगळं ठेवून तपासतील. 2018 साली सिंगापूरहून 51 स्टार कासवं कर्नाटकात परत आणली, तीसुद्धा विमानातून थेट रानात सोडली नव्हती. तुझं कदाचित कधीच सुटणार नाही, वनविभागाच्या बचाव केंद्रातच राहील. तुला ते क्रूर वाटेल. मला रानातल्या बाकीच्यांची जास्त काळजी आहे.

तोवर गवत, जास्वंदीची पानं-फुलं दे. काकडी बंद.

तुझी,
आई

ता. क. : त्याचं भांडं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नकोस. कासवांच्या विष्ठेतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू पसरतो. हात साबणाने धू, आणि 1926 वर बोलणं झालं की लगेच मला फोन कर.