‘खोलीचे तापमान’ म्हणजे किती?

महोदय,

झेब्राफिश या छोट्या माशाच्या भ्रूणात, जनुक कुठे कार्यरत आहे हे दाखवणारा जांभळा डाग गडद दिसला, की प्रकल्पाच्या अहवालात ‘जनुकाची अभिव्यक्ती दुप्पट झाली’ असे बिनधास्त लिहिले जाते. आपल्या भागातल्या महाविद्यालयांत तरी हे थांबावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

हा रंग थेट जनुकाचा नसतो. आरएनए प्रोबला (त्या जनुकाच्या आरएनएला चिकटणाऱ्या तुकड्याला) बसलेल्या अँटिबॉडीवर अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम असते आणि ते एनबीटी-बीसीआयपी या रसायनांपासून जांभळा साका पाडते. जास्त वेळ ठेवले की साका वाढतो, उष्णता वाढली की तो लवकर चढतो. पुस्तकातले ‘खोलीचे तापमान’ २०-२५ अंशांचे. मे महिन्यात वीज गेल्यावर आपल्याकडची खोली ४० च्या घरात जाते. मग जानेवारीतल्या आणि मेमधल्या डागांची तुलना करायची कशी?

प्रोब आत शिरावा म्हणून भ्रूणाची प्रथिने थोडी पचवणारे प्रोटिनेज-के हे एन्झाइम तर उकाड्यात त्याहून घातक. २४ तासांच्या भ्रूणाला मिलिलिटरमागे १० मायक्रोग्रॅम, १० मिनिटे, हे साधारण प्रमाण; पण उकाड्यात तेवढ्याच वेळात भ्रूण लिबलिबीत होतो, शेपटी तुटते. थर्माकोलच्या डब्यात पाणी, बर्फाचे तुकडे आणि थर्मामीटर एवढ्यावर २५ अंश राखता येतात.

तुलना करायचे दोन्ही गट एकाच नळीत रंगवा. ओळख राहावी म्हणून पॅराफॉर्मल्डिहाइड या रसायनात भ्रूण पक्के (टिकाऊ) झाल्यावर एका गटाच्या शेपटीचे टोक छाटा (जनुक शेपटीत व्यक्त होत नसेल तरच). नळीला फॉइल गुंडाळा आणि रंग पूर्ण काळवंडण्याआधीच प्रक्रिया थांबवा. एकदा काळवंडला, की जास्त आरएनए असूनही डाग तेवढाच दिसतो. सोबत सेन्स प्रोबची (जनुकाच्या आरएनएला न चिकटणाऱ्या प्रोबची) नळी हवीच. तीही रंगली, तर तो डाग खोटा. रंगद्रव्य तयार होणे रोखणारे ०.००३ टक्के पीटीयू वेळेवर घातले नाही, तर माशाचे स्वतःचे काळे रंगद्रव्यही मोजणीत येते.

फोटो काढताना ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स बंद ठेवा. फाइल टिफ असावी; जेपीईजी मूळ आकडे बदलते. इमेजजे या चित्र मोजण्याच्या संगणक प्रणालीत ८-बिट करून चित्राचे काळे-पांढरे उलटवा. डागावर एक वर्तुळ आणि त्याच भ्रूणाच्या न रंगलेल्या भागावर तेवढेच दुसरे घ्या, मग वजाबाकी करा. पीतकावर (भ्रूणाच्या बलकावर) वर्तुळ नको, तिथे रंग उगाच साचतो. गटात किमान वीसेक भ्रूण असावेत आणि मोजणाऱ्याला गट ठाऊक नसावा.

एवढे करूनही ‘डाग गडद आहे’ इतकेच म्हणता येते. ‘दुप्पट’ लिहायचे, तर त्याच तुकडीतले भ्रूण राखून क्यूपीसीआर (आरएनएचे प्रमाण मोजणारी चाचणी) करावे लागेल.

– प्राणिशास्त्राचे काही शिक्षक, साकोली (जि. भंडारा)