काका, त्या तळहाताबद्दल आभार

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानले की तुम्ही "चल, काहीतरीच" म्हणून विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

आमचे चिरंजीव शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये ऑफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे आपल्या बॉलवाल्याला वाचवणाऱ्या फळीत खेळतात. बॉल हातात येत नाही, टाळ्या मिळत नाहीत, फक्त समोरच्याला अडवायचं. इथे ओहायोतल्या कोलंबसमध्ये इतकी वर्षं काढलेल्या आपल्याच मंडळींनी त्याला काय काय ऐकवलं! "ढकलाढकली करायला अमेरिकेत आलात का?" गणपतीत तर एका काकूंनी त्याच्या पानातले मोदक मोजले. आधीच्या कोचलाही त्याच्यात वजनापलीकडे काही दिसलं नाही. पोरगं खेळ सोडायला निघालं होतं.

तुम्ही उपदेश केला नाहीत. ओहायो स्टेट या इथल्या युनिव्हर्सिटीच्या टीमची 1995 ची इलिनॉयविरुद्धची मॅच लावलीत, टीव्हीशेजारी उभे राहिलात आणि बॉल ज्याच्याकडे, त्याच्यावर चक्क तळहात धरलात. "आता फक्त 75 नंबरकडे बघ."

75 नंबर म्हणजे लाइनवरचा ओरलँडो पेस! त्या मॅचमध्ये बॉल घेऊन एडी जॉर्ज 314 यार्ड धावला, त्या वर्षीची हाइसमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला. पण त्याच्यासाठी वाट कोण मोकळी करत होतं, हे माझ्या मुलाला त्या दिवशी दिसलं. मग तुमची गाडी सुटलीच. सँडस्कीचा हा पोरगा 1994 मध्ये पहिल्याच मॅचपासून कसा टीममध्ये होता, शेवटच्या दोन सीझनमध्ये त्याला चुकवून क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल फेकणाऱ्याला, एकदाही कुणी पाडू शकलं नाही, कॉलेजच्या लाइनमनना मिळणारं लोम्बार्डी अवॉर्ड दोनदा घेणारा तो पहिलाच. 1996 च्या हाइसमनला तो चौथा आला. लाइनमनसाठी हे केवढं मोठं, पण तुमचा राग अजून गेलेला नाही! 1997 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात तेव्हा, रॅम्स टीमनी सगळ्यांत आधी त्यालाच घेतलं, हे सांगताना मात्र तुमचा चेहरा बघण्यासारखा होता.

आकडे काय, कुठेही मिळाले असते. पण दुखरा खांदा घेऊन, दुसऱ्याच्या पोरासाठी एवढा वेळ हात वर धरून कोण उभं राहतं? अशी माणसं आहेत म्हणून परक्या गावात निभावतं. मंडळाच्या स्मरणिकेत त्यांचे फोटो नसतात, ते सोडा.

आता माझा मुलगा लाइनच्या डाव्या टोकाला लेफ्ट टॅकल खेळतो, पेसच्याच जागी. शुक्रवारी रात्री मॅच आहे. तुमची जागा धरून ठेवते. थालीपीठं मी आणते, चहाचा थर्मास तुम्ही आणा. तिथली कॉफी पाणचट असते.

तुमची,
75 नंबरवाल्याची आई