मोडीवाल्या काकांना, साताऱ्याला

काका, हे तोंडावर सांगायला पाहिजे होतं, पण तुमच्यासमोर बसलं की मला बोलायलाच सुचत नाही, म्हणून इथं लिहिते, तुमची नात वाचून दाखवेल.

आजीच्या ट्रंकेतला तो इनामाचा कागद घेऊन मी दीड वर्ष हिंडत होते. एकाने मोडी वाचून देतो म्हणून ॲडव्हान्स घेतला, व्हॉट्सॲपवर फोटो मागवले आणि मग फोनच उचलेना. दुसऱ्या ठिकाणी, नाव घेत नाही, साहेबांनी बोलता बोलता चहाचा कप सरळ कागदावर ठेवला आणि वर मलाच म्हणाले, गावच्या स्मरणिकेत सगळं छापलंय की, हे कशाला पाहिजे.

आणि तुम्ही? मी पिशवीतनं कागद काढायला लागले तर "थांब जरा" म्हणालात, आत जाऊन हात धुतलेत, टॉवेलला कोरडे पुसलेत, बोटं उलटीसुलटी करून बघितलीत आणि मग हात पुढं केलात. आजी सोडली तर त्या कागदाला एवढा मान आमच्या घरातसुद्धा कुणी दिला नव्हता, मला तिथंच भरून आलं. माझे कंदी पेढे मात्र व्हरांड्यात ठेवायला लावलेत, कागदाला मुंग्या लागतील म्हणून!

कागदावरचं साल वाचून पण माझ्याकडूनच घेतलंत. इसन्ने सबैन मया व अलफ, दोन, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन ११७२, पेशवाईतल्या कागदांवरचं अरबी आकड्यांचं साल, इसवी सन काढायला त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मृगापर्यंतचा कागद असला तर ६००, कारण हे साल मृगाला बदलतं. म्हणजे १७७१-७२, थोरल्या माधवरावांची अखेर. स्मरणिकेत तर १७६१, पानिपतानंतर लगेच! अजून दोन पुस्तकांत पण तेच आहे म्हटलं तर तुम्ही हसलात, दोघांनी स्मरणिकेवरनंच उतरवलंय, साक्षीदार तीन नाहीत गं, एकच. आणि आपला कागदसुद्धा असल नाही, नक्कल आहे, असलचा माग पुण्याला पेशवे दफ्तरात काढायचा, हेही स्पष्ट सांगितलंत. मला बरं वाटावं म्हणून काहीतरी गोड सांगून वाटेला लावणं किती सोपं होतं. पैसे तर घेतलेच नाहीत. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

निघताना तो चहाचा गोल डाग दाखवून म्हणालात, "हा २०२४ चा आहे असं कुठंतरी लिहून ठेव, नाहीतर पुढचा कुणीतरी पेशवाईतला म्हणून छापेल."

लिहून ठेवलंय काका, तारखेसकट.